हॉर्स्टेड केन्स: बंद पडून पुन्हा सुरू झालेलं स्टेशन

दूरदेशी

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, लंडनच्या दक्षिणेला, शेतं आणि रानाच्या मधोमध एक रेल्वे स्टेशन आहे: हॉर्स्टेड केन्स. पाच फलाट, फलाट जोडणारा भुयारी रस्ता, उपाहारगृह, सिग्नल केबिन, साइडिंगा. एखाद्या जंक्शनला शोभेल असा सगळा पसारा. गाव मात्र दीडेक किलोमीटर लांब आणि तेही लहानसं. पहिल्यांदा येणारा हमखास विचारतो, एवढं मोठं स्टेशन इथं बांधलं कुणासाठी? मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी इथल्या डब्यांच्या शेडमध्ये जुना रंग खरवडायला जाते. हे स्टेशन का बांधलं, का बंद पडलं आणि आज तिथं गाड्या कशा धावतात, हे मराठीत कुठं सलग वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

१८७७ साली लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड या रेल्वेमार्गाला संसदेची मंजुरी मिळाली. मागणी होती ती आसपासच्या जमीनदारांची. त्यात शेफील्ड पार्क या इस्टेटीचे अर्ल (उमराव) प्रमुख होते. पुढच्याच वर्षी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या मोठ्या कंपनीनं तो प्रकल्प हाती घेतला आणि १ ऑगस्ट १८८२ ला गाड्या सुरू झाल्या. वर्षभरानं, सप्टेंबर १८८३ मध्ये, हॉर्स्टेड केन्सपासून हेवर्ड्स हीथकडे जाणारा फाटा निघाला. एवढ्या फलाटांचं कारण हा फाटा. दोन मार्ग इथं मिळत. उत्तरेला ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत दुहेरी रूळ होते आणि दक्षिणेला लुईसच्या बाजूनं एकेरी. वर्दळ खूप वाढेल अशा हिशेबानं कंपनीनं सढळ हातानं बांधकाम केलं. वर्दळ काही तेवढी वाढली नाही.

इमारतींचा आराखडा टी. एच. मायर्स या वास्तुविशारदाचा. या मार्गावरची स्टेशनं एकाच घराण्यातली वाटतात ती त्यामुळे. वर उतरती छपरं, उंच धुराडी, रंगीत काचांच्या खिडक्या. एखाद्या सधन माणसाचं खेड्यातलं घर असावं तशी ठेवण.

पुढं १९२३ ला कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन सदर्न रेल्वे आली. तिनं जुलै १९३५ मध्ये हेवर्ड्स हीथचा फाटा विजेवर नेला. विजेच्या गाड्या थेट समुद्रकाठच्या सीफर्डहून इथपर्यंत यायच्या आणि इथंच संपायच्या. म्हणजे एका फलाटावर तिसऱ्या रुळातून वीज घेणारी गाडी आणि पलीकडच्या फलाटावर वाफेचं इंजिन असं दृश्य इथं वीसेक वर्षं रोजचं होतं (मूळ मार्ग बंद पडल्यावरही हा फाटा चालू राहिला, त्याबद्दल पुढं येतंच).

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ब्रिटिश रेल्वेनं तोट्यातले मार्ग बंद करायला घेतले. या मार्गाची पाळी १९५५ ला आली. बंद व्हायची ठरलेली तारीख जूनची होती, पण मेअखेरीस इंजिन ड्रायव्हरांचा संप सुरू झाला आणि त्या संपातच गाड्या थांबल्या त्या थांबल्या. निरोपाची गाडी नाही, काही नाही.

जवळच्या चेली गावात मॅज बेसेमर नावाच्या बाई राहत होत्या. पोलाद बनवण्याच्या बेसेमर पद्धतीमुळे ज्यांचं नाव आपण शाळेत शिकलो त्या हेन्री बेसेमर यांची ही नात. बाईंनी जुने कायदे काढून वाचले. १८७७ आणि १८७८ च्या त्या कायद्यांत स्पष्ट लिहिलं होतं की या मार्गावर रोज दोन्ही बाजूंनी चार-चार प्रवासी गाड्या चालवल्याच पाहिजेत, आणि त्या कुठल्या स्टेशनांवर थांबल्या पाहिजेत. जमिनी देताना जमीनदारांनी ती अट घालून घेतली होती. तो कायदा कुणीही रद्द केलेला नव्हता. म्हणजे रेल्वेनं गाड्या बंद केल्या त्या सरळसरळ बेकायदेशीर.

ब्रिटिश रेल्वेला ७ ऑगस्ट १९५६ ला गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या. पण त्या कशा, तर कायद्यात लिहिलंय तेवढंच. चार म्हणजे चारच. वेळा अशा की कामावर जाणाऱ्या माणसाला उपयोग शून्य. बार्कम आणि किंग्जकोट या स्टेशनांची नावं कायद्यात नव्हती, म्हणून तिथून गाडी न थांबता पुढं जायची. लोक तिला ‘रुसलेली गाडी’ म्हणत. दरम्यान प्रकरण चौकशीपर्यंत गेलं, वर्तमानपत्रांत गाजलं, आणि शेवटी संसदेकडून ती अटच काढून घेण्यात आली. १६ मार्च १९५८ ला शेवटची गाडी धावली. या वेळी मात्र निरोपाला गर्दी होती.

माझ्या मते बाईंनी जिंकलं ते दीड वर्ष फार मोलाचं ठरलं. १९५५ ला मार्ग गुपचूप बंद झाला असता तर रूळ निघाले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता. दीड वर्षाच्या भांडणानं हा मार्ग देशभर माहीत झाला. वर्षभरात, १५ मार्च १९५९ ला, हेवर्ड्स हीथला एक सभा भरली. बोलावणारी मुलं विशीच्या आतबाहेरची, विद्यार्थी. अध्यक्षस्थानी बर्नार्ड होल्डन, रेल्वेच्याच सिग्नल खात्यातले. त्यांचे वडील याच मार्गावर स्टेशन मास्तर होते आणि होल्डन यांचा जन्म बार्कमच्या स्टेशनातल्या घरात झालेला.

मुलांना आधी अख्खा मार्ग नेहमीच्या प्रवाशांसाठी चालवायचा होता. ते पैशाच्या दृष्टीनं अशक्य होतं. मग शेफील्ड पार्क ते हॉर्स्टेड केन्सच्या अलीकडे एवढा साताठ किलोमीटरचा तुकडा भाड्यानं घ्यायचं ठरलं. १७ मे १९६० ला ‘स्टेपनी’ हे १८७५ सालचं छोटं इंजिन दोन डब्यांसह आलं. तिन्ही मिळून किंमत ७५० पौंड. आणि ७ ऑगस्ट १९६० ला, ‘रुसलेली गाडी’ सुरू झाली त्याच तारखेला, ब्लूबेल रेल्वेची पहिली गाडी सुटली. वसंतात इथल्या रानात जांभळ्या-निळ्या ब्लूबेल फुलांचा सडा पडतो, त्यावरून हे नाव.

हॉर्स्टेड केन्स स्टेशनात मात्र त्यांना प्रवेश नव्हता. तिथं अजून ब्रिटिश रेल्वेची हेवर्ड्स हीथची विजेची गाडी येत होती. त्यामुळे ब्लूबेलची गाडी स्टेशनाच्या अलीकडे एका तात्पुरत्या थांब्यावर थांबायची. तिथं इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायला जागाच नव्हती, म्हणून दोन्ही टोकांना एकेक इंजिन: एकीकडे स्टेपनी, दुसरीकडे ‘ब्लूबेल’. १९६१ च्या ऑक्टोबरअखेर त्यांना स्टेशनात यायला परवानगी मिळाली. दोन वर्षं सरकारी विजेची गाडी आणि स्वयंसेवकांची वाफेची गाडी शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. ऑक्टोबर १९६३ ला तो फाटाही बंद झाला, आणि स्टेशन पूर्णपणे स्वयंसेवकांवर आलं.

पुढचं प्रतिसादांत लिहीन, नाहीतर फार लांबेल.

गार्डाचा_डबा

वाचनखूण साठवली आहे. बेसेमर बाईंचा किस्सा कमाल आहे. आपल्याकडे माणसं निवेदनं देतात, मोर्चा काढतात, पण मूळ कागद काढून वाचणारे कमी.

क्रिकेटवेडा_पुणे

शेफील्ड पार्कचे अर्ल म्हणजे लॉर्ड शेफील्डच ना? मग हे क्रिकेटवाल्यांचंही स्टेशन आहे! ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्ड स्पर्धा यांच्याच नावानं. १८९१-९२ मध्ये डब्ल्यू. जी. ग्रेसच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ त्यांनी ऑस्ट्रेलियाला नेला आणि जाताना तिथल्या क्रिकेटसाठी १५० पौंड देऊन आले. त्यातून ती ढाल झाली.

त्यांच्या बागेत स्वतःचं क्रिकेट मैदान होतं आणि ऑस्ट्रेलियाचा संघ आला की दौऱ्याचे सामने तिथं होत. १८९६ च्या सामन्यात लॉर्ड शेफील्डच्या संघातून ग्रेस आणि आपले रणजितसिंहजी दोघंही खेळले होते. ऑस्ट्रेलियाच्या अर्नी जोन्सचा एक चेंडू ग्रेसच्या दाढीतून गेला ही प्रसिद्ध गोष्ट त्याच सामन्यातली. त्याच उन्हाळ्यात रणजींनी मँचेस्टरला कसोटी पदार्पणात नाबाद १५४ केल्या. ते स्टेशन चालू आहे का अजून?

दूरदेशी

@क्रिकेटवेडा_पुणे, हो, तेच लॉर्ड शेफील्ड. शेफील्ड पार्क हे आता ब्लूबेलचं दक्षिण टोकाचं स्टेशन आहे. सुरुवातीला त्याचं नाव फ्लेचिंग अँड शेफील्ड पार्क होतं, ते वर्षभरात बदललं. इंजिनांची शेड आणि कारखाना तिथं, डब्यांचा कारखाना हॉर्स्टेड केन्सला. ती बाग आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, स्टेशनपासून जवळ. रणजी तिथं खेळल्याचं मला माहीत नव्हतं, फार आनंद झाला वाचून.

कुर्डुवाडीकर

नमस्कार. मी सोलापूर विभागात स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. तुमचा लेख दोनदा वाचला. एक विचारतो: दक्षिणेला एकेरी मार्ग म्हणालात. आता स्वयंसेवक गाड्या चालवतात तर एकेरी मार्गाचं काम कसं करतात? आमच्याकडे नील्स बॉल टोकन होतं. यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, पलीकडच्या स्टेशनानं वीज दिल्याशिवाय तो निघतच नसे. गोळा कातडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला लावायचा आणि धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला हातानं द्यायचा. पावसाळ्यात रात्री, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात कडं धरून फलाटाच्या कडेला उभं राहायचं. इंजिनाची वाफ अंगावर यायची. आधीच्या सेक्शनचं कडं ड्रायव्हर फेकायचा ते अंधारात शोधायचं. तुमच्याकडे ते चालू असेल तर मला बघायला आवडेल.

दूरदेशी

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. तत्त्व अगदी तेच. गोळ्याऐवजी इथं धातूची छडी असते, तिच्यावर सेक्शनचं नाव कोरलेलं. ती हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. हॉर्स्टेड केन्सला दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात, त्यामुळे केबिनमधल्या माणसाचं काम तिथं सगळ्यांत जास्त. तो जिना उतरून येतो, एका ड्रायव्हरकडून छडी घेतो, वर जाऊन यंत्रात घालतो, घंटेचे ठोके देतो, पलीकडून ठोके येतात, मग दुसरी छडी निघते. नंतर सिग्नलचा लिव्हर, तारेनं सिग्नलला जोडलेला. लिव्हर ओढताना हातात फडकं धरतात, घामानं लोखंड गंजू नये म्हणून. तार लांब असेल तर सगळं अंग मागं टाकून ओढावं लागतं. आणि हे काम करणारा माणूस आठवडाभर कदाचित बँकेत असतो किंवा शाळेत शिकवतो. पण परीक्षा दिल्याशिवाय कुणालाही केबिनमध्ये काम करू देत नाहीत. नियम खऱ्या रेल्वेचेच, कारण गाडीत खरी माणसं बसलेली असतात.

कुर्डुवाडीकर

फडकं! आमच्या केबिनमध्येही असायचं. जुनं धोतर फाडून केलेलं. घंटेचे ठोकेही तसेच. मनापासून धन्यवाद.

हिशेबनीस

लेख चांगला आहे पण मला काही प्रश्न आहेत. एक, याला पैसे कोण देतं? दोन, १९६० पासून जे ‘जतन’ केलंय ते खरं आहे की सजावट? १८८२ चं स्टेशन १९२० च्या रंगात रंगवून ठेवलं तर तो इतिहास कसा? तीन, आजच्या काळात कोळसा जाळून पर्यटकांना फिरवणं कितपत योग्य? टीका करायची म्हणून नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

दूरदेशी

@हिशेबनीस, प्रश्न रास्त आहेत.

पैसे: तिकिटं, सभासदांची वर्गणी, देणग्या, मृत्युपत्रातून येणाऱ्या रकमा, उपाहारगृह, पुस्तकांचं दुकान, चित्रीकरणाचं भाडं. एका गाजलेल्या ब्रिटिश मालिकेत उमरावांच्या हवेलीजवळचं स्टेशन म्हणून जे दिसतं ते हॉर्स्टेड केन्सच. पगारी माणसंही आहेत, पण स्वयंसेवक नसतील तर एक दिवसही गाडी चालणार नाही.

सजावटीबद्दल: प्रत्येक स्टेशनाला त्यांनी एकेक काळ दिलाय. शेफील्ड पार्क ब्रायटन कंपनीच्या काळातलं, हॉर्स्टेड केन्स सदर्न रेल्वेच्या, किंग्जकोट १९५० च्या दशकातलं. हॉर्स्टेड केन्सला हिरवा आणि मलईसारखा पिवळट रंग, पत्र्यावर भाजलेल्या रंगांच्या जुन्या जाहिराती, फलाटावर कातडी ट्रंका आणि दुधाचे कॅन, प्रतीक्षालयात थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी पेटलेली. ट्रंका मांडलेल्या आहेत हे खरं. पण शेगडी खरी आहे, तिच्यापाशी लोक खरंच हात शेकतात. छप्पर गळलं की खरंच चढावं लागतं. माझी एकच तक्रार आहे: १९३५ ते ६३ चा विजेच्या गाड्यांचा काळ या मांडणीत मागं पडतो. वाफेचं कौतुक सगळ्यांना असतं, तिसऱ्या रुळाचं कुणाला नसतं. तो भागही तितकाच या स्टेशनाचा आहे.

डब्यांचंही सांगते. जुन्या काळी रेल्वे निकामी डब्यांचे नुसते वरचे सांगाडे विकायची. लोक ते शेतात ठेवून कोंबड्यांची खुराडी, कोठारं, अगदी राहती घरंही करायचे. असे सांगाडे शोधून आणून ब्लूबेलच्या कारखान्यात पुन्हा चाकांवर चढवलेत. मी ज्या दारावर काम केलं त्याचा वरचा पांढरा रंग काढला तर खाली निळा, त्याखाली हिरवा आणि सगळ्यांत खाली, बिजागरीच्या मागं, बोटभर जागेत मूळ तपकिरी रंग आणि सोनेरी रेघ. ती रेघ मोजून, छाया जुळवून मग अख्खा डबा रंगवतात. याला मी सजावट म्हणणार नाही.

कोळशाचा मुद्दा अवघड आहे. ब्रिटनमधल्या खाणी बंद झाल्या, त्यामुळे इथल्या वाफेच्या रेल्वेंना कोळसा परदेशातून आणावा लागतो आणि तो महागही पडतो. देशाच्या एकूण वापरात हा हिस्सा अगदी नगण्य आहे, तरी प्रश्न उरतोच. मला वाटतं वाफेचं इंजिन चालवायची कला टिकवायची तर ते चालवावंच लागेल, पुस्तकातून ती शिकता येत नाही.

नेरळची_लेक

माझं माहेर नेरळ. वाचताना सारखी आमची माथेरानची गाडी आठवत होती. तीही अशीच हेरिटेज म्हणवली जाते. आदमजी पीरभॉयांच्या पैशावर त्यांच्या मुलानं, अब्दुल हुसेननं, बांधलेली, १९०४ ला काम सुरू आणि १९०७ ला गाडी सुरू. दोन फुटांचा गेज, वीसला एक असा चढ. आम्ही शाळेत असताना जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही नावं कवितेसारखी म्हणायचो.

पण फरक जाणवला. २००५ च्या पुरात रूळ वाहून गेले, २०१९ च्या पावसात परत. नेरळहून थेट वरपर्यंत गाडी सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. एवढी वर्षं आम्ही बातमीची वाट बघत होतो. करायला हाताशी काही नव्हतं. तुमच्याकडे गावकरी रूळ तपासायला जातात, आमच्याकडे ती रेल्वेची मालमत्ता. रूळ ओलांडला तरी गुन्हा.

आणि अजून एक. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारींना बंदी, त्यामुळे अमन लॉज ते माथेरान ही शटल म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सामान सगळ्यांसाठी आहे. नुसत्या पर्यटकांची नाही.

दूरदेशी

@नेरळची_लेक ताई, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ब्लूबेलच्या मुलांना सुरुवातीला तेच हवं होतं, रोजच्या माणसांची गाडी. ते त्यांना जमलं नाही. माथेरानची गाडी आजही रोजच्या उपयोगाची आहे, ही तिची फार मोठी बाजू आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की स्टेशन टिकतं ते चालू ठेवल्यानं. मग चालवणारा सरकारी असो की स्वयंसेवक. गाडी येत नसेल तर रंगवलेली इमारत कितीही सुंदर असली तरी तिथलं काम जाणणारी माणसं संपतात, आणि ती संपली की परत मिळत नाहीत.

स्वयंसेवकांना आपल्याकडे कसं सामावून घेता येईल याचा विचार मात्र व्हायला हवा. रूळ आणि सिग्नल रेल्वेकडेच राहू देत. जुने फोटो, कागद, कामगारांच्या आठवणी, स्टेशनातली बाग, माहिती सांगणं, एवढं तरी गावकऱ्यांकडे द्यायला काय हरकत आहे?

वकील_माणूस

कायद्याच्या अंगानं एक भर. त्या काळात रेल्वे काढायची तर प्रत्येक मार्गासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा लागे, कारण लोकांच्या जमिनी सक्तीनं घ्यायचा अधिकार त्यातूनच मिळे. मग जमीनदार वाटाघाटीत अटी घालून घेत. राष्ट्रीयीकरणानंतर कंपनीची मालमत्ता सरकारी झाली, तशी तिच्यावरची बंधनंही सरकारी रेल्वेच्या गळ्यात आली. बेसेमर बाईंना हे नेमकं कळलं. आणि रेल्वेनं फक्त नावं असलेल्या स्टेशनांवर गाडी थांबवली, तेही कायद्याच्या शब्दाला धरूनच. दोन्ही बाजूंनी एकाच कागदाचा अक्षरशः अर्थ लावला.

कुर्डुवाडीकर

बार्शी लाइट रेल्वेचं कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो, कारण इंग्लंडशी त्याचा थेट संबंध आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर १८८२ ला जीआयपीमध्ये (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत) नोकरीला आला. त्यानं बार्शी रोड (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी असा अडीच फूट गेजचा मार्ग १८९७ ला सुरू केला. प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके रूळ चालतील आणि खर्च कमी, हे त्याचं सूत्र. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढीला टपावरसुद्धा माणसं असायची. १९५४ ला सरकारनं घेतली आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सगळं ब्रॉडगेज झालं.

याच कॅलथ्रॉपनं बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडात स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे बांधली, १९०४ ला. तिचं पुढं काय झालं? दूरदेशी ताई, तुम्हाला माहीत असेल.

दूरदेशी

काका, ती १९३४ ला बंद झाली. रूळ काढले आणि त्या वाटेवर पायी आणि सायकलनं फिरायचा रस्ता केला. दरी फार सुंदर आहे, बोगद्यातूनही जाता येतं, पण गाडी नाही. बंद झाली तेव्हा स्वयंसेवकांनी रेल्वे चालवायची कल्पनाच जगात कुठं नव्हती. ती आली १९५१ ला, वेल्समधल्या टॅलिथ्लिन रेल्वेपासून. म्हणजे बार्शी लाइटची धाकटी बहीण सतरा वर्षांच्या फरकानं हुकली. कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उतरायचे पॅराशूट बनवले, हे वाचलं तेव्हा मलाही आश्चर्य वाटलं होतं.

गार्डाचा_डबा

ताई, तुम्ही पुढचं प्रतिसादांत लिहीन म्हणाला होतात. १९६३ नंतर काय झालं? वाट बघतोय.

दूरदेशी

हो, राहिलंच.

१९६३ ला स्टेशन मिळालं, पण उत्तरेचा मार्ग गेला. ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंतचे रूळ रेल्वेनं उखडून नेले. मधलं वेस्ट होथली स्टेशन पाडलं. किंग्जकोट विकलं, तिथं लोक राहत होते. म्हणजे हॉर्स्टेड केन्स हे मार्गाचं मधलं स्टेशन उरलं नाही, शेवटचं झालं. ईस्ट ग्रिन्स्टेडजवळ इम्बरहॉर्न नावाचा खोल खोदलेला भाग होता, डोंगर कापून रूळ नेलेले. तिथं स्थानिक प्रशासनानं शहराचा कचरा टाकायला सुरुवात केली आणि तो खड्डा काठोकाठ भरला.

या लोकांनी ठरवलं की परत ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचायचं, कारण तिथं देशाच्या मुख्य रेल्वेला जोड मिळते. १९८५ ला किंग्जकोट स्टेशन विकत घेतलं आणि त्याच वर्षी, सार्वजनिक चौकशीनंतर, मार्ग वाढवायची परवानगी मिळाली. मग जमिनीचा एकेक तुकडा विकत घेत पुढं. एकेका शेतकऱ्याशी बोलणी. शार्पथॉर्नचा बोगदा लागतो, तो साडेसहाशे मीटरहून लांब आणि आत पाणी ठिबकतं, थंडीत छताला बर्फाचे सुळे लोंबतात. २३ एप्रिल १९९४ ला गाडी किंग्जकोटला पोचली. पुढचे तीनेक किलोमीटर आणि मधला तो कचरा, याला आणखी एकोणीस वर्षं लागली.

कचरा काढायला पैसा लागणार होता तो प्रचंड. त्यांनी लोकांकडे दहा-दहा पौंड मागितले. लोकांनी दिले. जमेल तितका कचरा मालगाडीत भरून, रेल्वेनंच, याच वाटेनं बाहेर काढला. मी इथं आले तेव्हा हे काम शेवटाकडे आलं होतं. खणताना जुनी वर्तमानपत्रं निघायची, बाटल्या, प्लास्टिक, सगळं एका शहराचं चाळीस वर्षांपूर्वीचं घरसामान. वास कपड्यांना घरापर्यंत यायचा. २३ मार्च २०१३ ला पहिली गाडी ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचली. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि तरी पुलाखाली, शेतांच्या कडेनं माणसं उभी होती. आता एकूण मार्ग सुमारे अठरा किलोमीटर आहे आणि हॉर्स्टेड केन्स पुन्हा मधलं स्टेशन झालंय.

बर्नार्ड होल्डन ते बघायला नव्हते. ऑक्टोबर २०१२ मध्ये, १०४ व्या वर्षी ते गेले. १९५९ च्या त्या सभेपासून शेवटपर्यंत त्यांचं या रेल्वेशी नातं होतं. पाच महिने आणखी मिळायला हवे होते त्यांना.

नेरळची_लेक

होल्डन यांचं वाचून गलबलून आलं. ताई, हा सगळा मजकूर एकत्र करून ठेवा, मुलांना वाचायला देईन.

हिशेबनीस

सविस्तर उत्तराबद्दल आभार. बिजागरीमागच्या रेघेचं पटलं. कचऱ्याच्या कामाला एकोणीस वर्षं धीर धरला हे तर फारच विशेष.

कुर्डुवाडीकर

माझ्या बरोबरीचे बार्शी लाइटवर काम केलेले दोन-तीन जण अजून आहेत. एकाकडे जुनं वर्किंग टाइमटेबल आणि गार्डाची शिट्टी आहे. नातवाला घेऊन त्यांच्याकडे जातो, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करतो आणि वेगळा धागा काढतो. माझ्या मुलीचं लग्न होऊन ती लंडनजवळ आहे, पुढच्या वर्षी जायचं चाललंय. हॉर्स्टेड केन्सला यायचं तर कसं यावं, कधी यावं?

दूरदेशी

काका, अवश्य या आणि तो धागा नक्की काढा, मी वाट बघते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ईस्ट ग्रिन्स्टेडला थेट गाडी आहे, साधारण तास लागतो. बाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांवर ब्लूबेलचा फलाट. तिथून वाफेच्या गाडीत बसायचं, किंग्जकोटनंतर बोगदा, मग हॉर्स्टेड केन्स. तिथं उतरून एक गाडी सोडा, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना केबिनचं काम नीट बघता येईल. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत रानात ब्लूबेल फुललेली असतात. रोज गाड्या नसतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक मुलीला बघायला सांगा. आणि मला इथं निरोप टाका, मी केबिनमधल्यांना विचारून ठेवते, वर येऊ देतात का ते.